झोपलेल्याला विचारून काय उपयोग?

आमच्या बेडरूममधल्या घड्याळाचे काटे अंधारात चमकतात. चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्या सेकंदकाट्याकडे बघत मी नवऱ्याचे श्वास मोजत असे. घोरणं चालू असलं की मी निवांत असायचे, ते थांबलं की मोजायला लागायचे. बारा. पंधरा. एकदा अडतीस. मग बुडणारा माणूस पाण्याबाहेर यावा तसा मोठा आचका, सगळ्या अंगाला झटका, आणि पुन्हा घोरणं सुरू. सकाळी विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘मला तर मस्त झोप लागली होती. तूच जागत बसतेस.’

हे घरातलं गाऱ्हाणं म्हणून सांगत नाहीये. नाशिकला आडगाव नाक्याजवळ आमचं लहानसं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे, दोन गाड्या आहेत, हिशेब मी बघते. त्या वर्षापर्यंत त्यातली एक गाडी हे स्वतः चालवायचे. पिंपळगाव नाहीतर लासलगावहून कांदा भरायचा, रात्री निघायचं आणि पहाटेच्या आत वाशीच्या मार्केटला लावायचा. म्हणजे ज्या माणसाचा श्वास मी मोजत होते, तोच माणूस आठवड्यातून तीन-चार रात्री सोळा टन माल घेऊन कसारा घाट उतरत होता.

यांचं घोरणं हा आमच्या भावकीतला जुना विनोद. लग्नाला गेलो की कार्यालयात यांच्या शेजारी कुणी गादी टाकत नसे. मेहुणे त्यांना कुंभकर्ण म्हणत, आणि तेही हसून साजरं करत. घोरणारा माणूस म्हणजे गाढ झोपलेला, सुखी, बिनघोर माणूस ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की मीही वीस वर्षं तीच धरून होते. १५ फेब्रुवारी २०२२ ला मुंबईत बप्पी लाहिरी गेले. त्या बातमीत स्लीप ॲप्निया हा शब्द मी पहिल्यांदा वाचला. खाली त्याचं वर्णन होतं : घोरणं, मध्येच श्वास थांबणं, दचकून जागं होणं. पेपर हातात धरून मी तशीच बसले. रोज रात्री मी जे मोजत होते त्याला नाव होतं तर.

जागेपणी घशाचे स्नायू श्वासाची वाट ताणून उघडी ठेवतात. झोपेत ते सैलावतात, जीभ मागे सरकते, टाळूचा मऊ भाग खाली येतो. वाट अरुंद झाली की हवा थरथरत जाते आणि आपण त्याला घोरणं म्हणतो. वाट पुरती मिटली की छाती-पोट ओढ घेत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो, आणि शेवटी मेंदू घाबरून क्षणभर जागा होऊन घसा उघडतो. त्या माणसाला यातलं काहीही आठवत नाही. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास असा थांबला की तो ॲप्निया. पुरता न थांबता नुसता उथळ झाला तर तोही वेगळा मोजतात. दोन्ही मिळून तासाला किती, तो आकडा महत्त्वाचा. पाचच्या आत असेल तर काळजी नाही, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे गंभीर.

झोपेची तपासणी केली, तेव्हा यांचा आकडा ५२ आला. मिनिटाला जवळजवळ एक. सात तासांच्या ‘मस्त झोपेत’ साडेतीनशेहून जास्त वेळा या माणसाचा गळा कुणीतरी दाबून सोडत होतं, आणि सकाळी हे चहा पीत मला सांगत होते की तूच जागत बसतेस.

आता जो मुद्दा मांडायचा आहे तो या चहाच्या कपापाशीच आहे. या आजाराचा रुग्ण स्वतःचा साक्षीदार होऊ शकत नाही. पोटात दुखलं तर माणूस सांगतो, चक्कर आली तर सांगतो. हा आजार होतो तेव्हा तो झोपलेला असतो. साक्षीदार असतो तो शेजारी जागा असलेला माणूस, आणि आपल्या सगळ्या व्यवस्थेत त्या साक्षीदाराला विचारण्याची सोय कुठेच नाही. दवाखान्यात नाही, विम्याच्या फॉर्मात नाही आणि जिथे असायलाच हवी त्या गाडी चालवण्याच्या परवान्यातही नाही.

दवाखान्याचं आधी सांगते. यांना रक्तदाबाच्या तीन गोळ्या चालू होत्या आणि तरी वरचा आकडा १५० च्या खाली येत नव्हता. तीन-तीन गोळ्यांनीही न उतरणारा रक्तदाब असेल तर झोपेतला श्वास तपासावा, ही वैद्यकशास्त्रात नवी गोष्ट नाही, कारण अशा रुग्णांत हा आजार फार मोठ्या प्रमाणात सापडतो. रात्री शेकडो वेळा ऑक्सिजन उतरतो, शेकडो वेळा शरीर धोक्याची घंटा वाजवतं, हृदय धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात. मग दिवसा रक्तदाब कसा उतरेल? हृदयाचे ठोके अनियमित होणं, पक्षाघात, मधुमेह आटोक्यात न येणं हे सगळं या एका गोष्टीच्या मागोमाग येऊ शकतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये एक विचित्र गोष्ट दाखवून दिली होती. हृदय अचानक बंद पडून होणारे मृत्यू एरवी सकाळी सहानंतर दुपारपर्यंत जास्त होतात, पण ज्यांना स्लीप ॲप्निया आहे त्यांच्यात ते मध्यरात्र ते पहाटे सहा या वेळात जास्त होतात. ‘झोपेतच गेले, पुण्यवान माणूस’ असं आपण किती जणांबद्दल म्हटलं असेल. हे वाचल्यापासून ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

पण त्या तीन गोळ्या लिहून देणाऱ्यांनी सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही की हे घोरतात का. मी प्रत्येक वेळी शेजारच्या खुर्चीत बसलेली असायचे. एकदा मीच सांगायला गेले, तर डॉक्टर हसून म्हणाले, ‘वहिनी, कानात कापूस घाला.’ तेही हसले, हेही हसले. मी नाही हसले असं नाही, मीही हसले.

आता रस्त्याकडे येऊ, कारण नुसता कुणाच्या तरी हृदयाचा प्रश्न असता तर तो त्यांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी बघावा म्हणून मी गप्प बसले असते.

परवाना काढताना फॉर्म १ भरावा लागतो. चालकाने स्वतःच्या प्रकृतीबद्दल स्वतः करायची ती घोषणा. फेफरं येतं का, अचानक शुद्ध हरपते का, २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येतं का. झोपेबद्दल एक अक्षर नाही. व्यवसायाची गाडी चालवणाऱ्याला त्यावर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, फॉर्म १-अ. ते पाच वर्षांनी परवान्याच्या नूतनीकरणाला पुन्हा लागतं. आमच्या ऑफिसात ड्रायव्हरांचे असे कागद मी दरवर्षी बघते. डोळे पाहिलेले असतात, हातपाय पाहिलेले असतात. डोळे मिटल्यावर काय होतं ते कुणी पाहिलेलं नसतं.

आणि समजा फॉर्ममध्ये उद्या रकाना घातला, ‘आपला झोपेत श्वास थांबतो का?’, तरी सगळे ‘नाही’ लिहितील. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, त्यांना खरोखर ठाऊक नसतं म्हणून. नवऱ्याने चार वर्षांपूर्वी अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिलं असतं.

मग विचारायचं कुणाला? इथे ट्रकच्या धंद्यातला एक बदल सांगितला पाहिजे, जो बाहेरच्यांना दिसत नाही. पूर्वी प्रत्येक गाडीवर ड्रायव्हरबरोबर क्लीनर असायचा. केबिनमध्ये दोघं शेजारी झोपायचे. ड्रायव्हर कसा झोपतो, कुठे डुलकी काढतो, कुठल्या वळणावर गाडी डावीकडे ओढली जाते हे त्या पोराला पाठ असायचं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भाडी परवडेनाशी झाली तसे मालकांनी क्लीनर कमी केले. आम्हीही एका गाडीवरचा केला, लपवत नाही. डिझेल, टोल, हप्ता सगळं वाढलं, कापता येण्यासारखा तोच एक पगार होता. लांबच्या फेरीवर जाणारा ड्रायव्हर महिन्यातून चार-पाच रात्री घरी असतो. म्हणजे त्याच्या झोपेला एक साक्षीदार घरी होता तो भेटेनासा झालाय आणि दुसरा केबिनमध्ये होता तो आम्ही काढून टाकलाय.

अपघात झाल्यावर काय लिहिलं जातं तेही बघा. आपल्याकडच्या फिर्यादीची भाषा ठरलेली आहे : ‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने चालवून.’ शब्द फक्त तेवढेच. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या ४,६१,३१२ अपघातांची आणि १,६८,४९१ मृत्यूंची नोंद आहे. नियम मोडल्यामुळे झालेल्या अपघातांच्या तक्त्यात वेग आहे, दारू आहे, उलट्या बाजूने जाणं, सिग्नल तोडणं आणि मोबाइलसुद्धा आहे. झोप गेली ‘इतर’मध्ये. ज्याला रकाना नाही तो आकडा होत नाही, आणि जो आकडा होत नाही त्यावर बैठक होत नाही. पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान, सरळ रस्त्यावर, एकच गाडी कठड्याला धडकलेली किंवा पुढच्या उभ्या गाडीत मागून घुसलेली, आणि रस्त्यावर ब्रेक मारल्याच्या खुणा नाहीत, असं चित्र दिसलं की या धंद्यातला कुणीही माणूस सांगेल काय झालं ते. पंचनाम्यात तरीही ‘भरधाव वेग’च येतो.

८ ऑक्टोबर २०२२ ची पहाट नाशिककर विसरलेले नाहीत. औरंगाबाद रोडवर मिरची चौकात खासगी बस आणि ट्रेलरची धडक झाली, बस पेटली, १२ माणसं गेली. आमच्या ऑफिसपासून तो चौक लांब नाही. त्या अपघाताचं कारण झोप होतं असं मी म्हणत नाही, तो निवाडा माझा नाही. मी फक्त पुढच्या दोन-तीन महिन्यांत काय ऐकलं ते सांगते : अतिक्रमणं, गतिरोधक, सिग्नल, ब्लॅक स्पॉट. सगळं आवश्यक होतं. पण आमच्यासारख्यांच्या गाड्या रात्रभर चालवणारी माणसं दिवसा कुठे आणि कशी झोपतात, हा प्रश्न मला त्या गदारोळात कुणाच्याच तोंडून ऐकू आला नाही. आमच्याही नाही.

आता समृद्धी महामार्ग इगतपुरीच्या पुढे आमण्यापर्यंत पोचला आहे. ७०१ किलोमीटरचा अखंड, सरळ, गुळगुळीत रस्ता. तिथे वाहनचालकांना ‘रोड हिप्नॉसिस’बद्दल समजावून सांगतात, म्हणजे एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही मन झोपतं ते. चांगलं आहे. पण सुदृढ माणसालाही जो रस्ता गुंगी आणतो, तो रात्रीत साडेतीनशे वेळा गुदमरून उठलेल्या माणसाचं काय करत असेल? त्याला समुपदेशनाचा काय उपयोग? उपाशी माणसाला भुकेचे तोटे समजावून सांगण्यासारखं ते आहे.

काहींना ही सगळी बायकी घाबरट कल्पना वाटेल, म्हणून दोन-तीन ठोस गोष्टी सांगते. स्पेनमधल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये रस्ता अपघातानंतर रुग्णालयात आलेले १०२ वाहनचालक आणि तशाच वयाची इतर माणसं यांची झोप तपासली. तासाला दहा किंवा अधिक वेळा श्वासात खंड पडणाऱ्यांचा अपघात होण्याचा संभव साधारण सहापट निघाला. न्यूयॉर्कमध्ये १ डिसेंबर २०१३ च्या सकाळी एक लोकल रुळावरून घसरून चार जण गेले. ताशी ४८ किलोमीटरच्या वळणावर ती गाडी १३० च्या वर वेगात होती. चालकाने दारू घेतली नव्हती, तो मोबाइलवर नव्हता. चौकशीत निघालं की त्याला गंभीर स्लीप ॲप्निया होता, कधी तपासलाच गेला नव्हता, आणि त्यातच थोड्या दिवसांपूर्वी त्याची पाळी बदलून पहाटेची झाली होती. पंचनामा आपल्याकडे असता तर ‘भरधाव वेग’ एवढ्यावर फाईल बंद झाली असती. अमेरिकेने त्यानंतर २०१६ मध्ये रेल्वे आणि ट्रकचालकांची ही तपासणी सक्तीची करण्याचा विचार सुरू केला आणि २०१७ मध्ये गुंडाळून ठेवला. तेव्हा श्रीमंत देशांतही सगळं आलबेल आहे अशातला भाग नाही.

भारतात हा आजार किती? दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी आधी झालेले अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये अंदाज मांडला : प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के, म्हणजे कामाच्या वयातले १० कोटींच्या वर. आडगावच्या ट्रक टर्मिनसवर एका रात्री शंभर ड्रायव्हर मुक्कामाला असतील तर त्यातले दहा-अकरा तरी असणारच. खरं तर जास्तच असावेत असं मला वाटतं. मान जाड, पोट सुटलेलं, जेवण रात्री अकराला, बैठं काम, तंबाखू, आणि घरी असलेल्या दिवशी एखादा पेग. दारूने घशाचे स्नायू आणखी ढिले पडतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. (वाइनची राजधानी म्हणवणाऱ्या गावाने हे वाक्य जरा जास्त मनावर घ्यायला हरकत नाही.) पण जाड माणसांचाच हा आजार आहे असंही समजू नका. जबड्याची ठेवण आत असलेली सडपातळ माणसंही यात सापडतात.

आता माझ्या बाजूच्या विरोधात जाणारी गोष्टही सांगायला हवी, कारण ती सांगितली नाही तर उद्या कुणीतरी वाचलेला माणूस मला खोटं पाडेल. उपचार घेतल्याने हृदयाचा झटका टळतो का? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, जिच्यात भारतातले रुग्णही होते, आधीच हृदयविकार किंवा पक्षाघाताचा इतिहास असलेल्या २,७१७ जणांवर हे पाहिलं गेलं. झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र असतं, त्याबद्दल पुढे सांगतेच; ते लावणाऱ्यांत झटके कमी झाले नाहीत. मात्र ती माणसं रात्रीतून सरासरी सव्वातीन तासच यंत्र लावत होती, आणि दिवसा फार झोप येणाऱ्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं. चष्मा अर्धाच दिवस लावला तर वाचन सुधारत नाही, त्यातलाच हा प्रकार असेल, नसेलही. हृदयाचा वाद डॉक्टरांनी मिटवावा. पण त्याच चाचणीत दिवसाची झोप, मनाची मरगळ आणि कामावरच्या दांड्या या तिन्ही गोष्टी सुधारल्या होत्या, आणि मी ज्या प्रश्नाबद्दल बोलते आहे तो दिवसाच्या झोपेचाच आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रक कंपनीने आपल्या ड्रायव्हरांची तपासणी आणि उपचार स्वखर्चाने केले. ज्यांनी यंत्र लावायचं टाळलं त्यांच्याकडून टाळता येण्याजोगे गंभीर अपघात, हा आजार नसलेल्यांच्या पाचपट झाले. ज्यांनी लावलं त्यांचं प्रमाण आजार नसलेल्या ड्रायव्हरांसारखंच राहिलं.

यंत्र म्हणजे सीपॅप. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते जगापुढे मांडलं. त्याआधी गंभीर रुग्णाच्या गळ्याला बाहेरून भोक पाडणं हाच मुख्य उपाय होता. कल्पना साधी आहे. नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका दाब सोडत राहायचा, म्हणजे वाट मिटत नाही. आमचा भाचा त्याला सोंड म्हणतो. पहिले पंधरा दिवस यांनी ती सोंड रात्री दोनला काढून भिंतीवर फेकायची तेवढी बाकी ठेवली होती. नाक कोरडं पडायचं, पट्ट्यांचे वळ गालावर उमटायचे, वीज गेली की मास्कमध्येच जीव घाबरायचा. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ते उठून गच्चीत जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘अगं, डोकं दुखत नाहीये.’ किती वर्षं सकाळी डोकं दुखत होतं हे त्यांनी मला कधी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटायचं सगळ्यांचंच दुखतं.

तपासणीचे बारा हजार गेले होते, यंत्राचे बेचाळीस हजार. मेडिक्लेममधून यंत्राचा रुपया मिळाला नाही, आणि बहुतेक पॉलिसींत घरी वापरायचं यंत्र असं बाहेरच राहतं. सरकारी योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी असतात. या आजारात भरती व्हायचं नसतं, घरी जाऊन झोपायचं असतं. पण ट्रान्सपोर्टवाल्याच्या हिशेबाने बघा : बेचाळीस हजार म्हणजे ट्रकचे दोन टायर. दोन टायर गुळगुळीत झाले तर कुठला शहाणा मालक ‘चालू दे अजून चार महिने’ म्हणून घाटात गाडी घालतो? गाडीचं पासिंग चुकवता येत नाही, ब्रेक-दिवे तपासून घ्यावे लागतात, ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना तर एसी केबिनही बंधनकारक झाली. ड्रायव्हरला उकडू नये, त्याला थकवा येऊ नये म्हणून सरकार विचार करतंय, ही चांगलीच गोष्ट आहे. आता थंड केबिनमध्ये त्याचा श्वास चालू राहतो का, एवढंच बघायचं बाकी आहे.

उपाय काय म्हणाल तर युरोपने २०१४ मध्ये केलेला निर्देश मला शहाणपणाचा वाटतो. मध्यम किंवा गंभीर आजार आणि त्यामुळे दिवसा येणारी झोप असेल तर परवान्याआधी वैद्यकीय सल्ला घ्यायचा, पण उपचार नीट चालू आहेत असं दाखवलं की परवाना मिळतो, राहतो. मोठ्या गाड्यांच्या चालकाची वर्षातून निदान एकदा फेरतपासणी होते. यंत्रात रोज किती तास लावलं याची नोंद आपोआप राहते, त्यामुळे थापा मारायला जागा नाही. यातला ‘परवाना राहतो’ हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. तो नसेल तर बाकीचं सगळं विसरा. घरात दोन लेकरं आणि डोक्यावर उचल असलेला ड्रायव्हर स्वतःहून तपासणीला जाऊन स्वतःची भाकरी घालवेल, अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने कधी ड्रायव्हरशी बोललेलं नसतं.

आमच्या धंद्यातल्या एकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘वहिनी, पेठ रोडला आरटीओत आणखी एक रकाना म्हणजे आणखी एक एजंट.’ बरोबर आहे त्यांचं. प्रमाणपत्रं विकत मिळतात हे या महाराष्ट्रात कुणाला सांगायची गरज नाही. म्हणूनच माझा भर आरटीओच्या रकान्यावर कमी आणि मालकावर जास्त आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता येईपर्यंत १९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायदा होता : दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. तो कागदाबाहेर किती पाळला गेला हे मी हिशेब लिहिणारी बाई चांगली जाणते, आणि आमच्या दोन गाड्यांचा हिशेब उघडून दाखवायची वेळ आली तर मलाही मान खाली घालावी लागेल. पण ड्रायव्हर ठेवताना गळ्याचं माप घ्यायला, तो दिवसा बसल्या बसल्या पेंगतो का हे विचारायला आणि त्याच्या घरी एक फोन करायला कुठला कायदा लागतो? मान ४० सेंटिमीटरपेक्षा जाड, रक्तदाब, जोरात घोरणं, वय पन्नाशीपुढे. असे आठच प्रश्न विचारून धोका ओळखायची पद्धत जगभर वापरतात. त्यातला एक प्रश्न असा आहे : झोपेत तुमचा श्वास थांबलेला *कुणी पाहिला आहे का?* बघा, ज्यांनी ती पद्धत बसवली त्यांना कळलं होतं साक्षीदार कोण ते. आणि विमा कंपन्यांनी अशी तपासणी केलेल्या गाड्यांना हप्त्यात थोडी सूट दिली, तर आडगाव नाक्यावर महिन्याभरात गळे मोजायची टेप संपेल याची मी हमी देते. सूट म्हटलं की आमची जमात कायद्यापेक्षा लवकर हलते.

सरकारी बाजूने एक मात्र व्हायला हवं. ही तपासणी आता घरी न्यायच्या छोट्या यंत्रावरही होते, बोटाला चिमटा, नाकाखाली नळी, छातीला पट्टा. अशी यंत्रं सिव्हिलमध्ये आणि संदर्भ सेवा रुग्णालयात मुबलक असावीत आणि ड्रायव्हरला ही तपासणी चहाच्या भावात मिळावी. राज्यभराचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ ज्या गावात आहे त्या गावाने हे मागणं फार नाही. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रस्ते, घाट, पार्किंग यांचे आराखडे रोज छापून येतात. त्या महिन्यांत हजारो बसचालक दोन-दोन पाळ्या करून माणसं त्र्यंबकला पोचवतील. त्यांची झोप कुठल्या आराखड्यात आहे?

बायकांबद्दल एक परिच्छेद लिहायचा होता, पण लेख लांबतोय. एवढंच सांगते की पाळी बंद झाल्यावर बायकांतही हा आजार वाढतो आणि त्यांचा साक्षीदार तर आणखी दुर्मीळ, कारण बाईचं घोरणं तिच्यासकट सगळ्यांनी झाकून ठेवायचं असतं. माझ्या आईला ‘वय झालं’ आणि ‘थायरॉइड असेल’ यावर सात वर्षं काढावी लागली.

नवऱ्याने गाडी चालवणं सोडलं ते आजारामुळे नव्हे, गुडघ्यामुळे. आता आमच्याकडे दोन ड्रायव्हर आहेत आणि मागच्या वर्षापासून पुन्हा दोन्ही गाड्यांवर क्लीनर आहेत. थोरले ड्रायव्हर अठ्ठावन्नचे, धिप्पाड, हसतमुख, आणि त्यांना मी झोपेचं काही विचारलं की हात जोडतात : ‘वहिनी, पाठ टेकली की मेलो, सकाळीच जिवंत.’ मी त्यांना विचारणं सोडलं. त्यांच्याबरोबरचा पोरगा येवल्याचा आहे, एकोणीस वर्षांचा. गेल्या महिन्यात गाडी इंदूरहून आल्यावर तो डिझेलच्या पावत्या द्यायला आला आणि त्यातली एक उलटी करून टेबलावर ठेवली. मागे बॉलपेनने आकडे लिहिले होते. १८, २२, २७, १९, ४१, २४. एक्केचाळीसखाली दोन रेघा. खाली लिहिलं होतं, ‘सेंधवा, रात्री २ ते २.१०.’